दोन करारांमधले महिने : मध्ययुगीन इटलीतले भाडोत्री सैनिक

प्रश्न असा आहे : मध्ययुगीन युरोपातले भाडोत्री सैनिक म्हणजे जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे पळणारे लुटारूच होते का? आणि तसे असतील, तर व्यवहारात इतकी मुरलेली श्रीमंत नगरं पिढ्यानपिढ्या त्यांच्यावर का विसंबून राहिली?

मध्ययुगीन इटलीचा लष्करी इतिहास मी बरीच वर्षं शिकवतो आहे. वर्गातही सगळ्यात आधी येतो तो हाच प्रश्न. माझं उत्तर असं : नोकरीत असेपर्यंत ही माणसं आपण समजतो त्याहून पुष्कळ भरवशाची होती. खरी भीती असायची ती नोकरी संपल्यावर. एक करार संपलेला आहे, दुसरा मिळालेला नाही, हाताशी हत्यार आणि घोडा आहे, आणि घोड्याला रोज दाणा लागतो. अशा हजारो माणसांनी ते रिकामे महिने काढायचे कसे? त्या काळातल्या बहुतेक जाळपोळीमागे हा प्रश्न आहे.

'मध्ययुगीन युरोप' हा हजार वर्षांचा पट आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचे उत्तरेकडून आलेले अंगरक्षक, इंग्लंडच्या जॉन राजाचे परदेशी तिरंदाज (त्यांना देशाबाहेर काढण्याचं कलम १२१५च्या 'मॅग्ना कार्टा' या सनदेत आहे) आणि क्रेसीच्या मैदानात १३४६ साली फ्रान्सकडून लढलेले जिनोव्हाचे धनुर्धारी यांना एका मापाने मोजता येत नाही. म्हणून मी चौदाव्या शतकातली इटली घेतो. तिथल्या नगरांनी हिशेब, करार, पत्रव्यवहार जपून ठेवला, त्यामुळे आपल्याला दंतकथांच्या आड डोकावता येतं. आणि एक माणूस घेतो, जॉन हॉकवूड.

हॉकवूड इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्याचा, सिबल हेडिंगहॅम गावचा. जन्म १३२०च्या आसपासचा. बापाची जमीन होती, पण हा थोरला नव्हता. तेव्हा इंग्लंड-फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध सुरू होतं आणि धाकट्या मुलांना त्यात कामाला तोटा नव्हता. मग १३६० साली ब्रेतिन्यीचा तह झाला. राजांनी शांतता केली, सैनिकांना रजा दिली, पण परत घरी पोचवण्याची किंवा पोटापाण्याची कसलीच व्यवस्था केली नाही. दहा-पंधरा वर्षं फक्त लढाई केलेली माणसं परक्या मुलखात मोकळी झाली. त्यांनी टोळ्या बांधल्या. त्याच डिसेंबरात त्यांनी ऱ्होन नदीवरचं पाँ-सँ-एस्प्री हे गाव रातोरात काबीज केलं. पोप तेव्हा आव्हिन्योंला राहत होते, आणि हे गाव त्यांच्या वाटेवरच्या पुलाचं. नाकाबंदी झाली. पोप सहावे इनोसंट यांनी आधी या टोळ्यांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं आणि शेवटी पैसे मोजले. पैसे घेऊन त्यांतल्या बऱ्याच जणांनी आल्प्स ओलांडला, कारण तिकडे मोंफेर्रातोच्या सरदाराला मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याशी लढायला माणसं हवी होती. याच लाटेबरोबर हॉकवूड इटलीत आला. मागे राहिलेल्यांनी १३६२च्या एप्रिलमध्ये ब्रिन्ये इथे फ्रान्सच्या राजाच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा त्यांना हलकी टोळधाड समजणं किती महागात पडतं हे सगळ्यांना कळलं.

इटलीतल्या लोकांनी या तुकडीला 'पांढरी कंपनी' हे नाव दिलं. फ्लोरेन्सच्या एका बखरकाराने तिचं वर्णन करून ठेवलंय आणि ते बारकाईने वाचण्यासारखं आहे. तीन माणसांचा एक 'भाला', म्हणजे हिशेबाचा एक घटक : चिलखत घातलेले दोन लढवय्ये आणि एक पोरगेला चाकर. हे चाकर चिलखतं घासून घासून आरशासारखी लखलखीत ठेवायचे. लढाईची वेळ आली की दोघे लढवय्ये घोड्यावरून उतरायचे आणि एकच लांब, जड भाला दोघांनी धरून दाटीने पुढे सरकायचे. घोडे मागे चाकराजवळ. सोबत लांब धनुष्यवाले तिरंदाज. ही माणसं कडाक्याच्या थंडीत आणि रात्री-अपरात्री हल्ले करत. इटलीत लढाईचा हंगाम पाळायची सवय होती, त्यामुळे याचीच धास्ती जास्त बसली.

आता नगरांनी यांना ठेवलं का, याकडे वळू. इटलीची नगरं पूर्वी आपली आपण लढत. १२८९ साली काम्पाल्दिनोच्या लढाईत फ्लोरेन्सच्या घोडदळात कवी दान्तेही होता. पण पुढच्या दोन पिढ्यांत चित्र पालटलं. चिलखती घोडेस्वार घडायला वर्षं लागतात, आणि लोकरीच्या व्यापाऱ्याला किंवा सावकाराला सहा महिने दुकान बंद ठेवून छावणीत राहणं परवडत नाही. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. या नगरांत घराण्याघराण्यांत हाडवैर होतं. आपल्याच नागरिकांच्या हाती मोठी फौज दिली तर ती उद्या कुणाच्या वाड्यावर चालून जाईल याचा नेम नव्हता. परका सैनिक कुठल्या गटाचा नसतो, तो पगारापुरता नगराचा. त्यात १३४८च्या प्लेगने माणसंच निम्म्यावर आणली. परक्यांना ठेवणं हा नगरांचा आळस होता असं नेहमी लिहिलं जातं, ते मला पटत नाही. स्वतःच्या घरातल्या भांडणांची त्यांना असलेली पक्की जाण त्यामागे होती.

आणि नगरं भोळेपणाने पैसे ओतत नव्हती. सेनानायकाशी होणाऱ्या कराराला 'कोंदोत्ता' म्हणत. त्यावरूनच करार घेणाऱ्याला 'कोंदोत्तिएरे' हे नाव पडलं. किती भाले, किती महिने, दर भाल्यामागे दरमहा किती फ्लोरिन, हे त्यात नोटरीच्या भाषेत काटेकोर लिहिलेलं असे. (फ्लोरिन म्हणजे फ्लोरेन्सचं १२५२पासून पाडलं जाणारं साडेतीन ग्रॅम शुद्ध सोन्याचं नाणं.) ठरलेली मुदत संपल्यावर आणखी काही महिने नोकरी वाढवण्याचा हक्क नगर स्वतःकडे राखून ठेवत असे. सुरुवातीला उचल मिळे, आणि ती पुढच्या पगारातून कापली जाई. आपल्याकडच्या शिलेदाराप्रमाणे घोडा आणि हत्यार सैनिकाचं स्वतःचं. म्हणून गणतीच्या दिवशी नगराचे कारकून प्रत्येक घोड्याचा रंग, खुणा आणि किंमत वहीत उतरवून घेत. घोडा कामावर मेला तर भरपाई त्या नोंदीवरून. उसना घोडा दाखवून जास्तीचा पगार उचलायची लबाडी सर्रास चाले, त्यामुळे दंडाची कलमंही भरपूर. लढाईत मिळालेला हलता माल सैनिकाचा, किल्ले आणि जमीन नगराची. साध्या कैद्याची खंडणी पकडणाऱ्याला, पण शत्रूचा सेनापती किंवा नगराचा बंडखोर हाती लागला तर तो नगराच्या स्वाधीन करायचा. आणि नोकरी संपल्यावर इतका काळ तरी आमच्या मुलखाला त्रास देणार नाही, अशी शपथ. या कलमावरूनच कळतं की धोका कुठे आहे हे नगरांना नेमकं माहीत होतं.

कंपन्याही तितक्याच व्यवस्थित होत्या. त्यांचे खजिनदार, नोटरी, न्यायाधीश असत. प्रोव्हान्सचा मोंत्रेयाल, ज्याला इटलीत फ्रा मोरियाले म्हणत, त्याच्या 'महाकंपनी'त लुटीची वाटणी हिशेबाने होई आणि छावणीत गुन्हेगारांसाठी फाशीचा खांबही असे. (त्याचा स्वतःचा शेवट १३५४ साली रोममध्ये शिरच्छेदाने झाला.) चालतं-बोलतं नगरच होतं ते, फक्त त्याला शेतं नव्हती. त्याचं पोट दुसऱ्यांच्या शेतांवर चाले.

हॉकवूडकडे परत येतो, कारण त्याच्या नोकरीचा एकेक तुकडा माझं म्हणणं दाखवून देतो. पांढरी कंपनी १३६३ साली पिसाने फ्लोरेन्सविरुद्ध नोकरीला ठेवली. तेव्हा तिचा प्रमुख अल्बर्ट स्टर्झ नावाचा जर्मन होता. पुढच्या वर्षी फ्लोरेन्सने पैसे चारून स्टर्झसह बहुतेकांना फोडलं. हॉकवूड उरलेल्या मोजक्या माणसांनिशी पिसाकडेच राहिला. १३६४च्या जुलैत काशिनाजवळ तो हरलाही, पण पळाला नाही. पैसे घेऊन पळणाऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. त्याच लढाईत न पळालेल्याची गोष्टही सांगायला हवी. त्यात निष्ठा किती आणि हिशेब किती, हे वेगळं काढता येत नाही. ज्या बाजारात नावावर पुढचा करार ठरतो, तिथे 'हा शब्द पाळतो' ही ख्याती मोठं भांडवल असते.

यानंतर त्याने काही वर्षं मिलानच्या बर्नाबो व्हिस्कोंतीची चाकरी केली आणि १३७२पासून पोपची. पोपचा खजिना रिकामा होता आणि पगार थकत होता. १३७५च्या जूनमध्ये पोप आणि मिलान यांच्यात तह झाला. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचीच परिस्थिती पुन्हा : युद्ध संपलं, पगार थकलेला, फौज जागच्या जागी उभी. हॉकवूड ती घेऊन तोस्कानात, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रदेशात, उतरला. फ्लोरेन्सने लढायचा विचारही केला नाही. पाच वर्षं आमच्यावर चालून येऊ नये, या एका अटीसाठी १,३०,००० सोन्याचे फ्लोरिन कबूल केले. हा आकडा केवढा, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो : १३३८ सालच्या नोंदीप्रमाणे फ्लोरेन्सचं वर्षाचं एकूण उत्पन्न तीन लाख फ्लोरिनच्या आसपास होतं. पिसा, सिएना, लुक्का, आरेत्सो यांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे खंडणी भरली. फ्लोरेन्सच्या लोकांना वाटलं की पोपनेच याला आपल्या अंगावर सोडलं. म्हणून ही रक्कम उभी करायला त्यांनी धर्मगुरूंवर सक्तीचं कर्ज लादलं, आणि त्याच वर्षी पोपविरुद्ध युद्ध सुरू झालं. एका फौजेच्या थकलेल्या पगारातून दोन सत्तांचं युद्ध पेटलं! आणि त्याच वर्षी फ्लोरेन्सने हॉकवूडला वर्षाला १,२०० फ्लोरिनचं तहहयात वेतनही बांधून दिलं. ज्याला खंडणी देतोय त्यालाच वेतन देणं विचित्र वाटेल, पण मला ते शहाणपणाचं वाटतं. रिकाम्या महिन्यांची किंमत एकदम मोजण्यापेक्षा दरवर्षी थोडी मोजलेली बरी, हे त्यांना उमगलं होतं.

पण यातून हॉकवूडचा गौरव करायचा माझा हेतू नाही. १३७७ साली चेझेना या इटलीतल्या गावात जे झालं ते कुठल्याही कराराच्या आड लपवता येत नाही. पोपचे प्रतिनिधी कार्डिनल रॉबर्ट यांचे ब्रेतान्यहून आणलेले सैनिक गावात राहत होते. त्यांना पुरेसा पगार नव्हता, म्हणून ते फुकट माल उचलत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गावकऱ्यांचा संयम सुटला आणि त्यांनी काही शे सैनिक मारले. कार्डिनलने माफीचं वचन देऊन गावकऱ्यांकडून हत्यारं खाली ठेवून घेतली आणि मग हॉकवूडला फाएन्झाहून बोलावून घेतलं. बिनहत्यारी गावावर कत्तल झाली. मेलेल्यांचे अंदाज अडीच हजारांपासून पाच हजारांपर्यंत आहेत. पुढच्याच वर्षी हे कार्डिनल सातवे क्लेमेंट या नावाने प्रतिपोप, म्हणजे रोममधल्या पोपविरुद्ध उभे केलेले दुसरे पोप, झाले. हॉकवूडने काही बायकांना वाचवून रिमिनीला पोचवलं असं सांगतात. तेवढ्याने त्याच्या हातावरचं रक्त धुतलं जात नाही. मात्र हुकूम देणारा चर्चचा माणूस होता आणि पगार थकवणारंही चर्च होतं, हे 'भाडोत्री म्हणजे क्रूर' असं एका वाक्यात म्हणताना सुटून जातं. हॉकवूडने त्याच वर्षी पोपची नोकरी सोडली आणि फ्लोरेन्स-मिलानच्या बाजूला गेला. बर्नाबोची अनौरस मुलगी दोन्निना हिच्याशी त्याचं लग्नही तेव्हाच झालं.

थकलेल्या पगाराच्या बदल्यात पोपने त्याला कोतिन्योला आणि बान्याकाव्हाल्लो ही रोमान्यातली दोन गावं दिली होती. पैसे नाहीत तर जमीन घ्या, हा मार्ग पुढे फार दूर गेला. याच कोतिन्योला गावात १३६९ साली मुत्सिओ आत्तेंदोलो जन्मला. तो मोठा सेनानायक झाला, 'स्फोर्झा' म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि त्याचा मुलगा फ्रान्चेस्को १४५० साली मिलानचा ड्यूक म्हणून गादीवर बसला. नगरांना मनातून ज्याची भीती होती ती हीच. व्हेनिसने तर अशा भीतीपोटी आपल्या कार्मान्योला या सेनापतीला १४३२च्या मे महिन्यात संत मार्कच्या चौकालगतच्या दोन खांबांमध्ये शिरच्छेदाची शिक्षा दिली. १४२७ साली माक्लोदिओची लढाई त्याने व्हेनिसला जिंकून दिली होती, पण कैदी सोडून दिले आणि नंतर चालढकल केली, एवढ्यावर संशय पक्का झाला.

'हे लोक खोट्या लढाया लढत, कुणी मरतच नसे' असंही विचारलं जातं. या समजाचा उगम फ्लोरेन्सचा राजकीय लेखक मॅकियाव्हेली. १४४०च्या आंगियारीच्या लढाईत एकच माणूस मेला आणि तोही घोड्यावरून पडून, असं त्याने लिहिलं. पण लढाईच्या जवळच्या काळातले लेखक मृतांचा आकडा शेकड्यांत देतात. मॅकियाव्हेलीला नागरिकांची फौज उभारायची होती, त्यामुळे त्याचं लेखन वकिली बाण्याचं आहे. यात खरं इतकंच की चिलखती स्वार मारण्यापेक्षा पकडण्यात फायदा होता, कारण खंडणी मिळे. १३८७ साली कास्तान्यारोला पादुआच्या बाजूने लढताना हॉकवूडने पाणथळ जमीन आणि कालव्याची ओळ पुढे ठेवून व्हेरोनाच्या फौजेला त्यात अडकू दिलं, बाजूने वळसा घातला, आणि शत्रूच्या सेनापतींसह हजारोंना कैद केलं. अशी मांडणी नाटकासाठी कुणी करत नाही. पायदळाच्या जिवाला खंडणीचं संरक्षण नव्हतंच.

आणि आता ज्यांचा उल्लेख सेनानायकांच्या चरित्रांत एका ओळीत उरकतात, ते लोक. सिएनाला चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीसहून अधिक वेळा या कंपन्यांना पैसे देऊन वाटेला लावावं लागलं. प्रत्येक वेळी गावाबाहेरची पिकं जळत, गुरं हाकून नेली जात, आणि नंतर खंडणी भरून काढायला कर बसे तोही त्याच खेड्यांवर. फ्लोरेन्सने १३४५च्या सुमाराला आपली सगळी सरकारी कर्जं एका निधीत गोळा करून त्यावर पाच टक्के व्याज सुरू केलं. युद्धासाठी श्रीमंतांनी सक्तीने दिलेलं कर्ज अशा रीतीने त्यांची गुंतवणूक बनलं. व्याज भरलं जाई मीठ, दारू आणि वेशीवरच्या जकातीतून, म्हणजे बाजारात भाकरी विकत घेणाऱ्याच्या खिशातून. युद्धाचा खर्च कुणी सोसला हे बघायचं तर या जकातीच्या वह्या बघाव्यात.

खेड्यांतल्या लोकांनी हे मुकाट्याने सोसलं असंही नाही. १३५८च्या जुलैत महाकंपनी आपेनिन डोंगरातून मार्रादीजवळच्या अरुंद घाटाने जात होती. वाटेत लूटमार केलेल्या गावांतले शेतकरी वर दबा धरून बसले आणि त्यांनी दगडधोंडे लोटले. चिलखती स्वारांना घोडा वळवायलाही जागा नव्हती. कंपनीचा प्रमुख कोनराड फोन लांडाऊ जखमी होऊन त्यांच्या हाती सापडला. ज्या फौजेला फ्लोरेन्ससारखं नगर खंडणी देत होतं, तिला डोंगरातल्या लोकांनी धोंड्यांनी मोडलं. मला हा प्रसंग त्या शतकातल्या कुठल्याही मोठ्या लढाईइतकाच मोलाचा वाटतो.

हॉकवूड १३९४च्या मार्चमध्ये फ्लोरेन्समध्ये वारला. शेवटची वर्षं तो बहुतांशी याच नगरासाठी मिलानशी लढला, आणि नगराने त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला. १४३६ साली पाओलो उच्चेल्लोने काढलेलं त्याचं घोड्यावरचं भित्तिचित्र तिथल्या मुख्य चर्चमध्ये आजही आहे. वर्षानुवर्षं वेतन देऊन बांधून ठेवलेला माणूस अखेरीस खरोखर त्यांचा झाला.

तर रिकाम्या महिन्यांवर युरोपाने काय उपाय काढला? बराच काळ एकच : दुसऱ्याच्या मुलखात पाठवून द्या. पोप धर्मयुद्धाची गळ घालत, आणि सिएनाच्या संत कॅथरिनने हॉकवूडला तसं पत्र लिहिलं होतं. फ्रान्सने १३६५-६६ मध्ये आपल्या द्यू गेस्क्लॅं या सेनानायकाच्या हाताखाली या टोळ्या स्पेनच्या यादवीत ढकलल्या. १४४४ साली पुन्हा तेच झालं. इंग्लंडशी युद्धविराम झाला आणि रिकाम्या टोळ्या राजपुत्र लुईबरोबर स्वित्झर्लंडच्या वाटेने रवाना केल्या गेल्या. पण त्यातून जे परत आले त्यांचं काय, हा प्रश्न उरलाच. १४४५ साली फ्रान्सच्या सातव्या चार्ल्स राजाने त्यांतले चांगले सैनिक निवडले, बाकीच्यांना माफीपत्रं देऊन घरी धाडलं, आणि निवडलेल्यांच्या प्रत्येकी १०० भाल्यांच्या पंधरा तुकड्या बांधल्या. युद्ध असो वा नसो, पगार बारा महिने. या तुकड्या प्रांतोप्रांती वाटून दिल्या आणि त्यांच्या राहण्या-खाण्याचा बोजा तिथल्या लोकांवर टाकला. त्यासाठी लागणारा 'ताय' नावाचा कर आता दरवर्षी वसूल होऊ लागला. सरदार आणि धर्मगुरू त्या करातून वगळलेले होते.